आमचं मुसळ: पाऊण इंची पॉवर बारचा दीड वर्षाचा अनुभव

पाऊण इंची चौकोन (गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर चढणारं सॉकेट, बसते ते टोक), एक मीटर लांबी, साडेचार किलो वजन, किंमत २,८५० रुपये. जाम बोल्ट खोलायच्या या दांड्याला दुकानात पॉवर बार म्हणतात, काही जण ब्रेकर बार म्हणतात, आमची आई मुसळ म्हणते. दीड वर्ष वापरून लिहितेय. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईल. घेतला तो एकाच बोल्टासाठी, आणि त्या बोल्टानं माझे तीन आठवडे, एक गोटी, दोन मिस्त्री आणि थोडी अब्रू खाल्ली. त्यामुळे लिहिणं लांबणार.

मी कुरुंदवाडची. आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे आणि रोपं पोचवायला २००२ ची टोयोटा क्वालिस. मागच्या सीट काढून भावानं लोखंडी मांडणी बसवलीय, तिच्यात मिरची-टोमॅटो-कोबीचे ट्रे बसतात. २,४४६ सीसीचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. तीन लाख बारा हजार किलोमीटर झालेत. गाडी विकायचा विषय घरात निघतो आणि आबा उठून अंगणात जातात, म्हणजे विषय संपला.

या इंजिनाला टायमिंगचा पट्टा आहे. तोच कॅमशाफ्टही फिरवतो आणि डिझेल पंपही. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग खर्चाचा आकडा ऐकायला खुर्ची लागते. आमचा पट्टा बदलायला झाला होता. पट्ट्यापर्यंत जायचं तर पुढचं झाकण काढावं लागतं, झाकणासाठी क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, आणि पुलीसाठी तिच्या मधोमध बसलेला एक बोल्ट. बस्स, एकच. बाकी सगळं काम दुपारभराचं.

बोल्ट जाम का झाला, याचं उत्तर ऑगस्ट २०१९ मध्ये आहे. त्या पुरात गाडी सात दिवस पाण्यात होती. इंजिनाच्या पोटापर्यंत पाणी होतं, हवेच्या फिल्टरपर्यंत पोचलं नाही म्हणून इंजिन वाचलं. गाडी सुरू न करता ओढून नेली, ऑइल बदललं, धुतली, आठवड्यानं ती चालायलाही लागली. पुली मात्र पूर्ण बुडाली होती. तेव्हाच बोल्ट काढून साफ करायला हवा होता. पण तेव्हा घरात गाळ काढायचा होता, पुलीकडे कोण बघतो?

आता आधी काय काय हरलं ते सांगते, कारण त्यातलं निम्मं तुम्हीही विकत घ्यायच्या बेतात असाल.

पहिला गेला तो एका मोठ्या गॅरेजातला मिस्त्री. नाव लिहीत नाही. त्यानं अर्धा इंची चौकोनाच्या दांड्याला बारा कोनांची चकचकीत गोटी लावली, मागं चार फुटी पाईप घातला, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून पोराला ब्रेकवर उभं केलं आणि लोंबकळला. गाडी हलली नाही, बोल्ट हलला नाही, पण क्रँक मात्र सावकाश फिरली. त्याला वाटलं बोल्ट निघाला. मला क्लचचा वास आला. इथं जरा थांबते, कारण पाचव्या गिअरचा हा सल्ला सगळे देतात. सल्ला चूक नाही. वरच्या गिअरमध्ये चाकांवर कमी जोर येतो, ब्रेक धरून ठेवू शकतो. पण क्लच बनवलेला असतो इंजिनाच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा थोडं जास्त धरायला. गंजलेला बोल्ट त्याच्या दुपटी-तिपटीचा जोर मागतो. तेवढा जोर क्रँकवर आला की क्लच घसरतो. ब्रेकवरचं पोरगं कितीही इमानदार असलं तरी तो जोर त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या झटक्याला गोटी घसरली आणि बोल्टाचे दोन कोपरे गोल झाले. मग ते म्हणाले, बोल्ट कापायला लागेल, इंजिन खाली उतरवायला लागेल, क्रँक खराब झाली तर जबाबदारी तुमची, अठरा हजार. मी गाडी परत आणली.

दुसरी हरली ऑनलाइन मागवलेली बॅटरीवरची इम्पॅक्ट गन. ६,९९९ रुपये. खोक्यावर १,२०० न्यूटन-मीटर असं ठळक छापलेलं. हिशेब सोपा आहे: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एकशेवीस किलोचं पोतं टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. त्यातला चौथा हिस्सा जरी खरा असता तरी काम झालं असतं असं मला वाटलं. बोल्टावर आणि पुलीवर मिळून मी नेलपॉलिशची एक रेघ ओढली होती, म्हणजे बोल्ट पुलीपासून केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसेल. (लाल वापरा. माझी गुलाबी होती, ऑइल लागल्यावर दिसेना.) दोन बॅटऱ्या संपेपर्यंत गन धडधडली. रेघ अखंड. गन परत घेतली त्यांनी, पैसेही आले, तेवढं त्यांचं चांगलं.

गन या जातीवर माझा राग नाही. तिची गंमत अशी की पुली धरून ठेवावीच लागत नाही. हातोडीसारखे फटके इतके झटपट बसतात की क्रँकच्या स्वतःच्या वजनामुळे ती जागची हलायच्या आत बोल्टाला हिसका बसतो. चांगला कॉम्प्रेसर, जाड होज आणि मोठी एअर गन असेल तर हे सगळं लिखाण वाचूही नका. पण गन सरळ बोल्टाच्या तोंडाशी लावता यायला हवी. क्वालिसमध्ये पुढं रेडिएटर आहे. रेडिएटर काढला तरी मला लांब एक्स्टेन्शन लावावं लागलं, आणि अर्धा इंची एक्स्टेन्शन हा फटके पिऊन टाकणारा प्राणी आहे. गनचा फटका त्याच्या पिळात जिरतो, बोल्टापर्यंत त्याचा आशीर्वाद पोचतो.

तिसरं हरलं चुलतभावाच्या ट्रकमधलं गिअरवालं यंत्र. हँडल भरभर फिरवायचं, आतले गिअर त्याचा वेग कमी करून जोर वाढवतात, चाकाचा नट लोण्यासारखा निघतो. चाकावर ते उत्तम आहे, कारण त्याचा पाय शेजारच्या नटाला टेकतो. क्रँकच्या बोल्टाला शेजारी कोण? एकुलता एक. पाय चॅसीला टेकवायचा प्रयत्न केला, तो तिरका बसला, निसटला आणि यंत्र माझ्या करंगळीवरून गेलं. नख नवीन आलं आता. ते यंत्र या कामासाठी घेऊ नका, एवढंच.

आमच्या गल्लीतले मिस्त्रीमामा आयुष्यभर ट्रॅक्टर खोलत आले. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बोल्टाचे गोल झालेले कोपरे बोटानं चाचपले आणि म्हणाले, "ताई, ह्यो बोल्ट न्हवं. हे भावकीचं भांडण हाय."

"मग काय करायचं, मामा?"

"दांडा चॅसीला अडकवायचा आन् सेल्फ मारायचा. इंजिनच खोलतंय त्याला."

ही युक्ती खोटी नाही. समोरून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. बोल्टाला लावलेला दांडा क्लीनर साइडच्या (ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूच्या) चॅसीवर टेकवून स्टार्टर मारला, की क्रँक फिरायला बघते, दांडा बोल्टाला फिरू देत नाही, म्हणजे बोल्ट उलटा खुलतो. जुने लोक असंच करतात. पण डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे ती बंद करायचा प्रश्नच नाही. डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढली नाही आणि इंजिन चुकून पेटलं, तर एक मीटरचा दांडा गोल फिरायला लागेल. वायर काढली तरी गोटी घसरली की दांडा कुठं जाईल ते सांगता येत नाही. माझ्या बोल्टाचे दोन कोपरे आधीच गेलेले. मी नाही म्हणाले. मामा रुसले, पण चहा घेऊन गेले.

जाता जाता त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही अठरा हजारांच्या होत्या. एक, "पाऊण इंची घ्या. अर्धा इंची म्हंजे खेळणं." दोन, "पुली धरल्याबिगर दांड्याला हात लावू नका."

म्हणून मग कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी कधी काम करून घेतलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही घेतलं त्यांना सांगून कळणार नाही. एका गल्लीत ओतकाम, पुढच्या गल्लीत लेथ, तिच्या तोंडाशी हत्यारांचं दुकान. बार तिथं मिळाला. त्याच्यावर जालंधरच्या कारखान्याचा शिक्का आहे. दुकानदाराकडे आणखी दोन शिक्क्यांचे होते, तिन्ही हातात घेऊन पाहिले, डोळे मिटून ओळखता आले नसते. म्हणून शिक्क्यापेक्षा काय बघायचं ते सांगते.

चौकोन बघा. अर्ध्या इंचाचा चौकोन १२.७ मिलिमीटर, पाऊण इंचाचा १९. जाडी दीडपट झाली, पण पीळ सोसायची ताकद दीड गुणिले दीड गुणिले दीड अशी वाढते, म्हणजे सव्वातीनपटीच्या वर. बारमध्ये जो पैसा जातो तो इथं जातो. दांड्याची लांबी तुम्ही पाईपनंही वाढवू शकता, चौकोनाची जाडी नाही वाढवता येत.

मग डोक्याचा सांधा बघा. पॉवर बारचं डोकं मागेपुढे वाकतं, कारण गाडीच्या पोटात सरळ जागा मिळत नाही. तो सांधा एका पिनेवर असतो. माझ्या बारला तिथं पहिल्या दिवसापासून खेळ आहे, आणि आता वाढलाय. कापलेल्या ताऱ्याचा अर्धा भाग याचा. उरलेला अर्धा चौकोनातल्या छोट्या गोळीचा. ती गोटी धरून ठेवायला असते आणि हिची स्प्रिंग इतकी मऊ की गोटी खाली तोंड करताच पडते. एकदा नाकावर पडलीय. आता मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळते.

गोटी वेगळी घेतली, काळी, इम्पॅक्टची, सहा कोनांची, ६४० रुपये. चकचकीत गोट्या कडक असतात, त्यांची भिंत पातळ असते, आणि बारा कोनांच्या असल्या तर त्या बोल्टाला फक्त कोपऱ्यांच्या टोकाला धरतात. काळ्या गोटीची भिंत जाड असते आणि सहा कोनांची गोटी बोल्टाच्या सपाट बाजूंना बिलगते. माझ्या बोल्टाचे दोन कोपरे गोल होते तरी हिनं सोडलं नाही. आकार किती ते मुद्दाम लिहीत नाही. वीस वर्षांच्या गाडीत आधीच्या कुणा मिस्त्रीनं कुठला बोल्ट ठोकलाय सांगता येत नाही. रेडिएटर काढा, व्हर्नियर लावा, मग गोटी घ्या. एक मिलिमीटर मोठी गोटी चालवून घ्यायचा मोह होईल, त्याच मोहानं माझे दोन कोपरे गेले.

आता खरी गोष्ट, जी दुकानात मिळत नाही: पुली धरून ठेवायची पट्टी. पुलीच्या तोंडावर पुलर (पुली ओढून काढायचं साधन) लावण्यासाठी आटे पाडलेली दोन भोकं असतात. मी पुलीचा कागदावर ठसा घेतला, जशी लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसा. तो ठसा घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी, मधोमध गोटी आरपार जाईल असं मोठं भोक, दोन्ही बाजूंना दोन बारकी भोकं, आणि एका बाजूला दीड फुटाचा हात. त्यानं ठसा उलटसुलट बघितला.

"कशाचं हाय हे, मॅडम?"

"क्वालिसच्या पुलीचं."

"आन् खोलणार कोण?"

"मी."

तो काही बोलला नाही. पण नऊशे रुपयांत पट्टी करून दिली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या, ज्याचे पैसे ठरले नव्हते.

या पट्टीबाबत मी एक चूक केली. पट्टी पुलीला बसवायला घरात पडलेले साधे बोल्ट वापरले. भोकं पुलीच्या मध्यापासून जेमतेम दोन बोटं लांब, दांडा एक मीटर. म्हणजे दांड्यावरचा एक किलो त्या बिचाऱ्या बोल्टांवर तीसेक पट होऊन येतो. पहिल्याच रेट्याला दोन्ही बोल्ट खटाखट कापले गेले. नशीब एवढंच की अशा तुकड्यांवर ताण नसतो; पंचचं टोक लावून हलक्या हातानं उलटं टकटक केल्यावर दोन्ही बाहेर आले. नंतर काळे ऍलन बोल्ट आणले, डोक्यावर १२.९ असा मजबुतीचा शिक्का असलेले. तो आकडा बघूनच घ्या. दहा-वीस रुपयांचा फरक आहे.

जागा मिळाली मिस्त्रीमामांच्या खड्ड्याची. जॅकवर गाडी चढवून असला जोर लावायचा नाही, ही माझी अट होती आणि ती मामांनी लगेच मान्य केली, त्यावरून त्यांनी किती गाड्या पडलेल्या पाहिल्यात ते कळलं. आदल्या रात्री बोल्टाला गंज सोडवायचं तेल मारलं होतं. ते मारायला सगळे सांगतात म्हणून मारलं. खरं तर या बोल्टाचे आटे क्रँकच्या आत आंधळ्या भोकात असतात, आणि त्यांच्या वाटेवर बोल्टाचं डोकं आणि वॉशर दाबून बसलेले असतात. तेल डोक्याखाली शिरतं, तिथला गंज थोडा सोडतं, पुढं जात नाही. सकाळी हीट गननं डोकं चांगलं तापवलं. पुढचं ऑइल सील या उष्णतेनं खराब होऊ शकतं, पण ते बदलणारच होते. हातोडा मात्र कुणाला मारू दिला नाही. समोरून क्रँकवर घातलेला घाव शेवटी आतल्या थ्रस्ट वॉशरवर जातो.

पट्टीचा हात क्लीनर साइडला, चॅसीच्या खालून. बोल्ट उलटा फिरवताना पुलीही उलटी फिरायला बघते आणि तो हात वर उचलला जाऊन चॅसीला भिडतो. मध्ये बाभळीची ठोकळी घातली. पॉवर बार खाली लोंबता, घड्याळातल्या सहाच्या थोडा ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणजे त्याला ड्रायव्हरकडून क्लीनरकडे ढकलायचं.

माझं वजन ५४ किलो. हे आत्तापर्यंत सांगायचं टाळलं होतं. वरून लोंबकळायचं असतं तर एक मीटरवर चोपन्न किलो, त्यावर एक ग्रॅम नाही. पण खड्ड्यात मी रोपांच्या क्रेटवर बसले, पाठ भिंतीला लावली, गुडघे हनुवटीशी, आणि दोन्ही पाय दांड्याच्या टोकाला. पायांनी माणूस स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त रेटतो. हातानं ओढत बसणाऱ्या पुरुष मंडळींना हे सुचत नाही, कारण त्यांना वाटतं हातानं होईल.

"ताई, हळू. झटका न्हाई. रेटा," मामा वरून म्हणाले.

रेटलं. दांडा दोन बोटं वाकला. पोलादाचा एवढा जाड दांडा वाकताना बघून पोटात गोळा येतो, पण तो वाकायलाच बनवलेला असतो. आणखी रेटलं. मग बाभळीची वाळकी फांदी मोडावी तसा कड् असा आवाज झाला आणि माझे पाय एकदम सैल पडले. खड्ड्यात पूर्ण शांतता. मला वाटलं बोल्ट तुटला. मामांना वाटलं माझा पाय मोडला. भाऊ बॅटरी घेऊन खाली वाकला आणि नेलपॉलिशची रेघ शोधायला लागला. पुलीवर अर्धी होती. बोल्टावरची अर्धी बोटभर पलीकडे गेली होती.

पुढं बोल्ट हातानं निघाला. आट्यांवर काही नाही, कोरडे आणि राखाडी. गंज सगळा डोक्याखाली, वॉशरला विटेच्या रंगाचा थर धरलेला. सात दिवसांचं पाणी तिथंच बसून राहिलं होतं, पाच वर्षं.

पुली पुलरनं दहा मिनिटांत आली. पुलर त्या दोन आट्यांच्या भोकांत लावायचा, कडेला धरून ओढायचा नाही. ज्या पुल्यांमध्ये रबराचा थर असतो त्यांचं बाहेरचं कडं त्यानं सुटतं. पट्टा, ताण देणारी पुली, ऑइल सील बदललं. पुलीला क्रँकवर जागेला धरणारी की (छोटी लोखंडी पाचर) आणि तिची खाच शाबूत होती. बोल्ट अर्थात नवा. गोल कोपऱ्यांचा जुना बोल्ट आबांनी देवळीत ठेवलाय, का ते विचारलं नाही.

बसवताना बार वापरू नका. त्याला किती जोर लागला ते सांगता येत नाही, आणि पाऊण इंची बारनं 'चांगला घट्ट' करणं म्हणजे पुढच्या वेळी हीच सगळी कथा परत. भावानं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमधून एका संध्याकाळीपुरता टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आणला, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घेतला. पट्टी या वेळी उलटी, हात ड्रायव्हरच्या बाजूच्या चॅसीखाली. डोक्याखाली वॉशर तारेच्या ब्रशनं चकाचक करून मगच. आणि टॉर्क रेंचनं कधीही जाम बोल्ट खोलायचा नाही. भावाला हे पहिल्यांदा बजावलं, कारण डोळे चमकले होते त्याचे.

एकूण हिशेब: बार २,८५०, गोटी ६४०, पट्टी ९००, ऍलन बोल्ट ६०, खड्ड्याचं भाडं म्हणून मामांना वांग्याच्या रोपांचे दोन ट्रे. पट्टा आणि सील वेगळे, ते कुठंही लागलेच असते.

कुणी घ्यावा? ज्याच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे आणि जवळपास एअर गनवाला बरा मिस्त्री नाही, त्यानं. आधी पट्टी करा, मग गोटी घ्या, मग बार. उलट्या क्रमानं गेलात तर बार नुसता क्लच घासत राहील. ज्याला वर्षातून एकदा चाकाचे नट काढायचेत त्यानं घेऊ नये. डिकीत मावत नाही, हातातून पायावर पडला तर बोट जातं, आणि त्याच्या जोरानं छोटा बोल्ट मोडायला चुटकीही लागत नाही. माझ्या भावानं त्यानं अल्टरनेटरचा बोल्ट 'जरासा' कसला होता. तो तुकडा अजून आत आहे.

क्रोम दांड्याच्या मधोमध उडायला लागलंय, त्यानं काही बिघडत नाही. वाकलेला दांडा सरळ परत आला, मी दोरी लावून तपासला. सांध्याला आठवड्यातून एकदा ग्रीस घालते.

घालत होते, असं म्हणायला हवं. बातमी गल्लीच्या बाहेर गेली. आधी मामा घेऊन गेले, रोटाव्हेटरसाठी. मग ऊस तोडीच्या हंगामात ट्रॉल्यांचे नट जाम झाले आणि मुसळ हेरवाडला गेलं, तिथून परस्पर अब्दुललाटला. गेल्या महिन्यात दत्तवाडचा एक ट्रॅक्टरवाला नेऊन बसलाय. फोन केला तर म्हणाला, "आणून देतो की ताई, सोमवारी." कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.